ज्याचा खडू त्याची कात्री

१

कारखान्यात सगळे तिला मास्तर म्हणायचे. बाई असून मास्तर. कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात कापणीचं टेबल तिच्या ताब्यात होतं, आणि त्या टेबलापाशी दुसऱ्या कुणाची डाळ शिजत नसे. मालकसुद्धा तिथं आले की हात मागे बांधून उभे राहायचे. पुढे ती निवृत्त झाली, टेबल सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. गल्लीत मास्तर, दवाखान्यात मास्तर, वाण्याकडे मास्तर. पोटची लेकसुद्धा चिडली की "हो मास्तर" म्हणायची.

टेबलाचे कायदे दोन होते आणि ते तिनंच घातले होते. पहिला, ज्याचा खडू त्याची कात्री. ज्यानं कापडावर रेघ मारली त्यानंच ती कापायची, दुसऱ्याच्या रेघेवर कात्री चालवायची नाही. दुसरा, कापडावर खडूची फुली दिसली की थांबायचं. कुणाचा तरी विचार चाललाय, हात लावू नका, असा त्या फुलीचा अर्थ. या दोन कायद्यांवर आपण जन्म काढला आणि वीतभर कापड वाया जाऊ दिलं नाही, असं ती सांगायची. थोडं वाढवूनच सांगायची, पण ते असो.

आता तिच्या ताब्यात स्वयंपाकघरामागची बाग होती. बाग आपली म्हणायची. कापणीच्या टेबलाएवढी जागा, दोन बाजूंना भिंत आणि तिसऱ्या बाजूला शेजारच्या निवृत्त बस-ड्रायव्हरचं कुंपण. मागच्या भिंतीला अगदी लागून तिनं गुलाबी गुलाब लावला होता.

"मावशी, हे झाड गुडघ्याच्या वर जायचं नाही," नर्सरीवाला म्हणाला होता. "फुलं सुटी देत नाही, झुपक्यानं देतं. तुम्ही एकच करायचं. फूल कोमेजलं की ठेवायचं नाही. खाली पाच पानांचा पहिला पंजा दिसेल, त्याच्या जरा वर, बाहेरच्या बाजूला कोंबाचा डोळा बघून तिरकी कात्री मारायची. जुनं गेलं की नवं येतं."

"कापायचं कसं ते मला सांगतोस होय?" मास्तर म्हणाली आणि रोप काखोटीला मारून घरी आली.

झाड गुणी निघालं. पानं चकचकीत, गच्च, आणि फुलं अशी की मधे गडद, कडेला फिकी, एका देठावर सात-आठ. सकाळी बुडाशी पाणी, पानांवर थेंब पडू द्यायचा नाही, आठवड्याला माती मोकळी करायची. आणि दुपारच्या आधी कात्री. कारखान्यातली सवय होती, ती छाटणीच्या कात्रीलाही लागली. आधी हवेत दोनदा चालवायची, कच्, कच्, मग तिसऱ्यांदा देठावर. करंगळी वर. या करंगळीवरून कारखान्यातल्या पोरी तिला चिडवायच्या, साहेबीण चहा पितेय म्हणायच्या.

एकच काटा होता आणि तो गुलाबाचा नव्हता. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिच्या घरात आईसाठी खोली तयार होती. पडदेसुद्धा लावले होते. मास्तरच्या हातून लागोपाठ दोनदा दूध करपलं, तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता आणखी एक जरी विचित्र प्रकार झाला ना, तर मी तुझं ऐकणार नाही. सरळ उचलून नेणार."

"दूध करपणं विचित्र असेल, तर अख्खी गल्ली उचलावी लागेल तुला," मास्तर म्हणाली. पण ती धमकी तिच्या पोटात जाऊन बसली. या घरातून तिला जायचं नव्हतं. मरेपर्यंत आपल्या चुलीवर आपला चहा, एवढंच तिचं मागणं होतं.

२

त्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. परत आली, चपला काढल्या, मागचं दार उघडलं. सकाळी तीन झुपके कोमेजलेले होते, आल्यावर कापू म्हणून तिनं ठेवले होते. ते कापलेले होते. तिन्ही झुपके झाडाच्या बुडाशी एकावर एक नीट रचून ठेवलेले, देठ एका दिशेला.

"ड्रायव्हरसाहेब," तिनं कुंपणावरून हाक मारली, "माझ्या झाडाला हात लावलात?"

ड्रायव्हर रेडिओ बारीक करत आला. सभ्य माणूस, फक्त रेडिओ मोठा. "मी कशाला लावू? तुम्हीच नव्हता का कापत मघाशी? मी हाक मारली, तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हटलं, मास्तरांचा पारा चढलेला दिसतोय."

"मी?"

"मग कोण? पाठमोऱ्या होतात, पण करंगळी काय लपते होय तुमची!" तो हसला.

मास्तरही हसली. दात दुखत असताना जेवढं हसता येतं तेवढं. मग तिनं कापलेलं देठ उचलून उजेडात धरलं. तिच्या छाटणीच्या कात्रीच्या पात्याला टोकाजवळ एक बारीक खाच होती. त्या खाचेमुळे प्रत्येक कापावर केसासारखी रेघ उठायची. ती रेघ इथं होती. काप पंज्याच्या वर, बाहेरच्या डोळ्यापाशी, जितका तिरका हवा तितकाच. कापणाऱ्याला स्वतःचा काप ओळखता येतो, आईला पोराचं रडणं कळतं तसा. हा तिचा काप होता.

ड्रायव्हरनं काल पाहिलं असेल आणि आज सांगितलं असेल, असं तिनं ठरवलं. आणि आपण कापून विसरलो असू. पण विसरलो म्हणायचं, तर लेकीची खोली तयारच होती. म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

३

मास्तर अंधश्रद्धाळू नव्हती. कारखान्यात दिवे आपोआप लागतात म्हणून पोरी घाबरल्या, तेव्हा शिडीवर चढून सैल वायर शोधणारी ती बाई. तिनं आता स्वतःलाच टेबलावर पसरलं आणि मापं घ्यायला सुरुवात केली.

झोपेत चालत असू का? दुपारी जेवण झालं की ती तासभर आडवी व्हायची. तिनं छाटणीची कात्री पुसून बिस्किटांच्या जुन्या डब्यात घातली, डबा कपाटात ठेवला, कपाटाची किल्ली उशाखाली घेतली. मागच्या दाराच्या चौकटीत गुडघ्याच्या उंचीवर शिलाईचा कच्चा दोरा बांधला. जरा पाय लागला तरी तुटेल असा. आणि पडली.

डोळा लागतच होता, तेवढ्यात आवाज आला. कच्, कच्. मग क्षणभर शांत. मग तिसरा, ओला, देठाचा.

ती उठली नाही. आपण उठलो नाही याचा तिला नंतर फार राग आला. अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढून ती छताकडे बघत राहिली, आणि आवाज पुन्हा आला, पुन्हा तसाच, दोन रिकामे आणि एक भरलेला. कुठं घाई नाही. काम येणाऱ्या माणसाचा हात.

शेवटी ती उठली. दोरा दारात जसाच्या तसा ताणलेला होता. दोऱ्यापलीकडे बागेत कोमेजलेलं एक फूल शिल्लक नव्हतं. कपाटाला कुलूप होतं, डब्याचं झाकण घट्ट होतं. आत कात्रीचं पातं हिरव्या रसानं ओलं होतं.

मास्तर मटकन खाली बसली. पहिल्यांदा भीती वाटली. मागोमाग वाटलं, चला, म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे. आणि या दुसऱ्या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की भीती जरा बाजूला सरकली. माणसाचं मन काही सरळ नसतं.

"कोण आहे ते आहे," ती मोठ्यानं म्हणाली, "पण कात्री माझी आहे हे लक्षात ठेव."

नळ तेवढा ठिबकत होता.

४

मग ते घरात आलं.

आधी न्हाणीघरातला टॉवेल. कडेचे सुटलेले दोरे कुणीतरी सरळ रेषेत कापून टाकले होते. बरं झालं, असंच कुणालाही वाटलं असतं. मग पडद्याची विरलेली कड. मग पायपुसण्याच्या दशा. मास्तर नुसती बघत होती. चुकीचं असं काहीच नव्हतं, सगळं तिनंच कधीतरी करायचं म्हणून ठेवलेलं काम. घर दिवसेंदिवस नीटनेटकं होत चाललं होतं.

मग मांजर. भिंतीवर ऊन खात बसणारी एक म्हातारी मांजर होती, कुणाचीच नसलेली. एका दुपारी ती भिंतीवरून उडी मारायला गेली आणि अंदाज चुकून धपकन पडली. मास्तरनं तिला उचललं. तिच्या मिशा एका बाजूनं कापलेल्या होत्या. तिरक्या, एका रेषेत. मांजर तिच्या हातातून सुटली आणि परत कधी त्या भिंतीवर आली नाही.

मास्तर बराच वेळ झाडापाशी उभी राहिली. झाड फुललं होतं, इतकं कधी फुललं नव्हतं. गुलाबी झुपक्यावर गुलाबी झुपका, एकही पाकळी सुरकुतलेली नाही. जुनं गेलं की नवं येतं. तिला आता कापणाऱ्याच्या हाताची शिस्त कळली. त्याला नवं-जुनं एवढंच दिसत होतं. कोण फूल, कोण टॉवेल, कोण मांजर, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डुलकीनंतर ती केस विंचरायला बसली, तर वेणीचं पांढरं टोक जाग्यावर नव्हतं. आरशात तिनं मान वळवली. मानेभोवती, कॉलरच्या बरोब्बर वर, खडूची एक बारीक पांढरी रेघ होती. एका झटक्यात मारलेली. कुठंही हात न थांबलेली, सुरेख रेघ.

ज्याचा खडू त्याची कात्री, तिला आठवलं. रेघ झाली होती. आता कापणं तेवढं बाकी होतं.

५

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? लेकीला फोन करतो आणि पडदे लावलेल्या खोलीत जाऊन झोपतो. मास्तरनं फोन हातात घेतलाही. मग तिला कापणीचं टेबल आठवलं. एकदा नवा साहेब आला होता, त्यानं तिच्या रेघेवर परस्पर कात्री घातली होती. तिनं त्याच्या हातावर पट्टी मारली होती, सगळ्यांदेखत. नोकरी जाईल म्हणाले सगळे. गेला तो साहेब.

तिनं फोन ठेवला. शिवणाच्या पेटीतून खडू काढला, आरशासमोर उभी राहिली आणि गळ्याच्या खळगीत, त्या रेघेवर, ठसठशीत फुली मारली.

"थांबायचं," ती आरशाला म्हणाली. "कळतं ना फुली? का तेही विसरलीस?"

"विसरलीस" असं आपण का म्हणालो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

मग बागेत जाऊन तिनं मान टाकत चाललेला एक झुपका निवडला आणि त्याखालच्या पानावर फुली ओढली. शेजारचा दुसरा झुपका तसाच सोडला. जेवली. आडवी झाली. कच्, कच्, आणि तिसरा. ती दात खाऊन पडून राहिली. उठून बघते तर बिनफुलीचा झुपका गेलेला, फुलीचा जागच्या जागी.

मास्तरला त्या रात्री दोन घास जास्त गेले. जे काही होतं, त्याला कायदा माहीत होता.

रोज सकाळी ती आता स्वतःला फुली मारायची आणि वर गळाबंद कपडा घालायची. झाडावरची सगळी सुकी फुलं तिनं फुल्यांनी राखली. पाकळ्या गळाल्या, मागे हिरव्या गोट्या धरल्या. नर्सरीवाला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, फळं धरू दिलीत तर फुलं कमी येतील."

"येऊ देत कमी," मास्तर म्हणाली. "म्हाताऱ्या फुलाला काही जीव नसतो होय?"



६

रविवारी लेक आली. न सांगता आली, जेवायच्या वेळेला, दोन पिशव्या घेऊन. दारातच मास्तरनं तिला नीट निरखलं. डोळ्याखाली काळं, कानामागे चार पांढरे केस, खांदे उतरलेले.

"किती सुकलीस गं!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"ऑफिसात माणसं कमी केलीत, सगळ्यांचं काम माझ्या गळ्यात," लेक म्हणाली. "त्यात तुझी काळजी. ड्रायव्हरकाकांचा फोन होता. तू एकटीच बोलतेस म्हणाले. आणि ऊन असताना गळ्यापर्यंत बटणं का लावलीस?"

"ड्रायव्हरचा रेडिओ बंद पडला वाटतं, म्हणून माझं ऐकू जातंय," मास्तर म्हणाली आणि विषय चहावर नेला.

लेक मागच्या बागेत गेली. मास्तर ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघत होती. पोर झाडाशी वाकली होती, गुलाबाच्या झुपक्यात नाक खुपसून. लहानपणी वाकायची तशीच, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. केस पुढे पडलेले, मान उघडी. चहाला उकळी फुटली, तिनं गॅस बारीक केला, पुन्हा वर पाहिलं.

लेकीच्या मागे एक हात होता.

मनगटापर्यंतच दिसला. मनगटामागे काय होतं ते खिडकीच्या काचेवरच्या उजेडात विरून गेलं होतं, किंवा तिथं काही नव्हतंच. हात काळजीपूर्वक खडू धरून लेकीच्या मानेवरून चालला होता. सावकाश. जवळजवळ मायेनं. करंगळी वर.

मास्तर कशी धावली ते तिला कळलं नाही. गुडघ्यांनी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा साथ दिली. बागेत फक्त लेक होती. आणि लेकीच्या मानेवर, चार पांढऱ्या केसांच्या खाली, बारीक पांढरी रेघ होती.

"हलू नकोस, मानेवर रेघ आहे," मास्तर म्हणाली आणि खिशातून खडू काढून तिच्या मानेवर फुली मारली. एक. मग खात्रीसाठी तीच पुन्हा गिरवली.

"आई! काय करतेस? हे काय?" लेक वळली. आईच्या गळ्याचं वरचं बटण धावताना तुटलं होतं. तिनं तिथली फुली पाहिली. झाडाकडे पाहिलं, पानापानावर फुल्या. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदल बघणं मास्तरला त्या हातापेक्षाही कठीण गेलं.

"चल," लेक रडवेली होऊन म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. कपडे मी भरते."

जायला काय हरकत होती? पण मास्तरनं विचार केला. ते दाराला, कुलपाला, दोऱ्याला अडलं नव्हतं. जिथं तिचा हात जाईल तिथं ते येईल. आणि तिथं ही पोर होती, दिवसेंदिवस सुकणारी, आणि तिच्या मानेवर आधीच रेघ होती.

"मी येणार नाही," मास्तर म्हणाली. "मला वेडी म्हण. उद्या डॉक्टर आण, जावयाला आण, चार माणसं आण. आजचा दिवस मला दे. आणि आत्ता तू घरी जा."

"आई..."

"आणि ती फुली पुसायची नाही. तुला माझी शपथ आहे."

लेक पिशव्या तिथंच टाकून गेली. तिचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. आपण राखायला निघालेलं घर आपल्याच हातानं आपण घालवलं, हे मास्तरला समजत होतं. तिला त्याचं वाईट वाटायला वेळ नव्हता.

७

चहा उकळून उकळून आटला होता, पातेलं काळं झालं होतं. तिनं गॅस बंद केला. "हे आणखी एक," ती म्हणाली.

फुल्या मारून किती दिवस काढणार? फुली म्हणजे थांब. फुली म्हणजे नको नव्हे. कारखान्यात फुली पुसली की काम सुरू व्हायचं, आणि लेकीची फुली एका आंघोळीचं काम होतं. फुली पुरत नव्हती. दुसरा कायदा संपला होता, पहिला बाकी होता.

ती स्टूल घेऊन बागेत गेली आणि झाडासमोर बसली. छाटणीची कात्री समोर मातीवर ठेवली. मग सगळ्यात जून झालेला एक झुपका बघून त्याखालच्या पानावरची फुली अंगठ्यानं पुसून टाकली. उजव्या मुठीत खडू धरला.

"ये," ती म्हणाली. "झोपलेल्या बाईच्या घरात शिरायला कुणालाही जमतं. मी जागी आहे. ये."

दुपार कलत होती. ड्रायव्हरच्या रेडिओवर कसलीशी मुलाखत चालू होती, ती मधेच बंद झाली. पाण्याच्या टाकीचा आवाज थांबला. एवढ्या लहान बागेत एवढी शांतता मावेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं खडूवरची मूठ घट्ट केली.

कच्, कच्.

कात्री मातीवर पडलेली होती. ती हललीसुद्धा नव्हती. आवाज झाडातून आला.

मग पानं बाजूला झाली. झाडामागे भिंत होती, हाताचं बोट जाईल एवढीही जागा नव्हती, आणि तिथून हात पुढे आला. तर्जनीला कात्रीच्या कड्याचा जुना घट्टा. अंगठ्यावर तिच्यासारखाच कारखान्यातल्या कात्रीचा व्रण, पण ताजा, लाल. कातडी घट्ट, शिरा न दिसणाऱ्या. सुंदर हात होता. त्याला सुरकुत्या ठाऊकच नव्हत्या. तो झुपक्याकडे गेला, खाली पाच पानांचा पंजा चाचपू लागला, आणि करंगळी वर झाली.

मास्तरनं झडप घातली आणि त्या मनगटावरून खडू ओढला. आडवा, एका झटक्यात. सगळा जन्म मारल्या तशी रेघ.

"ज्याचा खडू त्याची कात्री," ती ओरडली. "आता तुझ्यावर माझी रेघ आहे. कधी कापायचं ते मी ठरवीन!"

हात थांबला. बोटं उघडली. त्या हाताला काय वाटलं हे तिला स्पष्ट कळलं, आणि ते कळावं अशी तिची इच्छा नव्हती. तो घाबरला होता. मग पानं जागेवर आली आणि भिंतीच्या कडेला ऊन तेवढं राहिलं.

रेडिओवरची मुलाखत मधल्याच शब्दापासून पुन्हा सुरू झाली.

८

संध्याकाळी फोन वाजला.

"आई, पुसली नाही हं," लेक म्हणाली. आवाज बसला होता. "हे विचारत होते, हे काय म्हणून. म्हटलं, आईनं लावलंय, असू दे. रेघ म्हणालीस ना, ती मात्र नाहीये. आरशात बघितलं. फुलीच आहे नुसती."

मास्तरनं डोळे मिटले. "जेवलीस का?"

"जेवले. उद्या डॉक्टरांना घेऊन येणारे मी. भांडू नकोस."

"आण. चहा करीन त्यांना. पण बोलायचं ते इथं बसून बोलायचं."

फोन ठेवून तिनं पातेलं घासलं, नवं पाणी ठेवलं. कुंपणावरून ड्रायव्हर ओशाळल्यासारखा म्हणाला, "मास्तर, हल्ली सुकी फुलं काढत नाही वाटतं?"

"नाही. फळं धरू देत. नारिंगी होतात म्हणे."

ती दिव्याखाली टेबलाशी बसली आणि तिनं बाही वर केली. दुपारपासून ती हे टाळत होती. उजव्या मनगटावर खडूची आडवी रेघ होती. ज्या हातात खडू होता, त्याच हाताच्या मनगटावर. तिनं खडू घेऊन करून पाहिलं, बोटं वळवली, मनगट मुरडलं. उजव्या हातानं उजव्या मनगटावर अशी सरळ रेघ मारता येत नाही. कुणालाच येत नाही.

तिनं ती पुसली नाही. तिच्यावर फुलीही मारली नाही. छाटणीची कात्री आणून तिनं टेबलावर डावीकडे ठेवली, सहज हाती येईल अशी, आणि चहाचा कप डाव्या हातानं उचलला. थोडा सांडला. सवय नव्हती, पण होईल.

उजवा हात टेबलावर मुकाट पडून होता. तिनं दोन घोट घेतले. मग त्या हाताची करंगळी हळूच, अगदी हळूच, वर झाली.

मास्तरनं कप खाली ठेवला आणि डाव्या हातानं कात्री उचलली. हवेत दोनदा चालवली.

"खाली," ती म्हणाली.

करंगळी खाली गेली.